मुलीसारखी

तुमच्या आईने मला फोनवर सांगितलं, की मुलांना हे लिहू नकोस. सणावारांचं लिही, खाण्यापिण्याचं लिही. असलं काही वाचलं तर त्यांना इकडे यावंसं वाटणार नाही. मी म्हटलं, सणाचंच लिहिते आहे. भुलाबाईचं लिहिते आहे. त्यावर ती म्हणाली, "मग निदान चिडून लिहू नकोस." म्हणून मी थोडे दिवस थांबून पाहिलं. राग गेला नाही. तेव्हा आता रागासकट लिहिते, पण नीट क्रमाने लिहिते, कारण तुम्ही लांब आहात आणि मध्येच थांबवून "आजी, ही कोण?" असं विचारू शकत नाही.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. एक तर प्रकरण कोर्टात आहे. दुसरं असं, की जिच्याबद्दल मी लिहिते आहे त्या मुलीचं नाव त्या घरात आल्याबरोबर बदललं होतं. घरच्या सुनेचं नाव तेच होतं, आणि सून आणि मोलकरीण एकाच नावाच्या कशा चालतील? म्हणून पोरीला दुसरं नाव ठेवलं. कुत्र्याचं पिल्लू आणल्यावर ठेवतात, तसं. आता तिला तिचं नाव परत मिळालं आहे. ते कुणाला सांगायचं हे ती ठरवील.

तुम्ही अमरावतीला आलात तेव्हा माझ्या गॅलरीतून समोरचा बंगला पाहिला आहे. निळं गेट, आत तुळस, वर गच्ची. तिथे निवृत्त साहेब, त्यांची बायको, मुलगा-सून आणि दोन नातू राहतात. लेक अकोल्याला दिलेली. माणसं शिकलेली. साहेब रोज सकाळी फिरायला जातात आणि कॉलनीतल्या झाडांना पाणी घालतात. बाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मी हे मुद्दाम सांगते आहे. तुमच्या पुस्तकांतले गुलामांचे मालक चाबूक घेऊन उभे असतात. इथले मालक झाडांना पाणी घालतात.

मुलगी मेळघाटातली, सेमाडोहच्याही आतल्या एका गावातली. घरात कोरकू बोलणारी. गावात मजूर गोळा करायला येणाऱ्या एका माणसाने तिच्या आईला सांगितलं, की अमरावतीला एक चांगलं घर आहे, पोरीला शाळेत घालतील, घरात थोडी मदत करायची एवढंच. आईने शाळेसाठी पाठवली. शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पगाराचंही नाही.

ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांनंतर झोपायची. झाडू, फरशी, भांडी, कपडे, मुलांचे डबे, दुपारी बाईंचे पाय चेपणं. झोपायला स्वयंपाकघर आणि धुण्याची मोरी यांच्या मधला बोळ. गेटच्या बाहेर पाऊल नाही. तुम्ही विचाराल, मग ती पळून का गेली नाही? हा प्रश्न मला इथल्या शहाण्यांनीही विचारला आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक उठली. बाईंनी तिला सांगितलं होतं, की सोन्याचं कानातलं हरवलंय, तुझं नाव आम्ही पोलिसांत दिलंय, तू बाहेर दिसलीस की तुला पकडतील आणि तुझ्या आईलाही आत टाकतील. आम्ही आहोत म्हणून वाचली आहेस. चौदा-पंधरा वर्षांच्या, जंगलातून आलेल्या, रस्त्याचं नावही ठाऊक नसलेल्या पोरीला एवढं पुरे होतं. साखळीची काय गरज? आणि ते कानातलं हरवलंच नव्हतं. ते अकोल्याच्या लेकीच्या कानात होतं. हे नंतर सुनेनेच सांगितलं.

मी गप्प बसले होते असं समजू नका. मी समोर जाऊन विचारलं होतं. बाई हसून म्हणाल्या, "अहो, मुलीसारखी ठेवलीय तिला." मग मी एका सरकारी कार्यालयात रीतसर अर्ज केला. एक साहेब आले. त्यांनी बाईंच्या दिवाणखान्यात, बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, बाईंच्या देखत त्या मुलीला विचारलं, "सुखात आहेस ना बेटा?" ती म्हणाली, "हो." साहेबांनी चहा घेतला, चिवडा खाल्ला, चिवड्याची तारीफ केली आणि गेले. अर्ज कुणी केला ते बाईंना कळलं नाही. मला मात्र कळलं, की कागद कितीही नीट लिहिला तरी चिवड्यापुढे टिकत नाही.

आता फुलवाली. हिच्यामुळेच हे सगळं लिहायची वेळ आली. ही वलगावची. घरचा शेवंतीचा, झेंडूचा आणि गुलाबाचा मळा. सोळा-सतरा वर्षांची, इथल्या कॉलेजात अकरावीला. सकाळी कॉलेजच्या आधी स्कूटीवरून येते आणि घरोघरी गेटला पूजेच्या फुलांची पुडी अडकवते. समोरच्या घरी मात्र पुडी हातात द्यावी लागायची, कारण बाईंना गेटला अडकवलेली चालत नाही, कुणाचा हात लागेल म्हणून. ती पुडी घ्यायला यायची ही मुलगी. त्यांची ओळख गेटच्या गजांतून झाली. मी गॅलरीत चहा पीत असायचे आणि मला सगळं ऐकू यायचं, कारण फुलवालीला हळू बोलताच येत नाही.

"काहून वं, तुले तोंड नाही का? रोज पुडी घेते अन् पळते."

"बाई ओरडते."

"ओरडू दे ना. माह्या बापाचं ऐकशीन तं तुही बाई कोकिळा वाटन तुले."

ती हसली. त्या घरात आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग रोज एखादं जास्तीचं फूल पुडीच्या वर यायला लागलं. "हे देवाचं नाही, तुहं हाय," असं फुलवाली बजावून सांगायची. बाईंच्या लक्षात आल्यावर त्यांनी ते फूलही देव्हाऱ्यात ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी फुलवालीने गजातून हात घालून शेवंती सरळ तिच्या केसांत खोचली आणि म्हणाली, "आता घे म्हना काढून. देवाले केसातलं चालत नाही."

मग भाद्रपद संपता संपता एका सकाळी फुलवाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"आजी, तिले शनिवारी अकोल्याले नेऊन राहिले. त्या लेकीचं बाळंतपण हाय. मंग तिथंच ठेवनार म्हनते."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. चवथ्या माळ्यावर घर हाय म्हने. तिथं गेट बी नाही, गज बी नाही. मी कोनाले भेटू मंग? लिफ्टले?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, पुन्हा अर्ज करते.

"करा. साहेब येते अन् चिवडा खाऊन जाते." मग जरा नरमून म्हणाली, "तुमी शिकलेल्या हा आजी, रागावू नका. पन ते घरात हाय तोवर हो-च म्हनन. बाई बाजूले बसते न."

तिचं बरोबर होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे वकिली करते. मी तिला फोन लावला. तीही तेच म्हणाली: पोलिसांना घेऊन त्या घरात गेलो तर ते तिला मागच्या दाराने गाडीत घालतील, नाहीतर ती पुन्हा "सुखात आहे" म्हणेल. तिला घराबाहेर बोलता आलं पाहिजे, आणि आई समोर हवी. आई आणा, पुढचं मी बघते.

आई कशी आणायची? हे काम फुलवालीच्या वडिलांनी केलं. मेळघाटातून परतवाड्याला आणि तिथून अमरावतीला येणारी एसटी वलगाववरूनच जाते. त्या गाडीच्या कंडक्टरला ते रोज देवासाठी हार देतात. त्यांनी हारासोबत निरोप दिला: अमक्या गावच्या अमकीला सांगा, पोर सापडली, वलगावच्या फाट्यावर उतर. तिसऱ्या दिवशी मुलीची आई उतरली. पायात चप्पल नव्हती, हातात कापडात बांधलेली कुटकी होती. कुटकी म्हणजे बारीक दाण्याचं धान्य, मेळघाटात पिकतं, शहरात आता कुणी खात नाही. लेकीला आवडते म्हणून चुलीवरच्या शिंक्यातलं गाठोडं तसंच उचलून आणलं होतं.

मी वलगावला जाऊन तिला भेटले. ती मला म्हणाली, "मी आलती. होळीच्या आधी. त्या घरी." तिला गेटवरूनच सांगण्यात आलं होतं, पोर आमच्या लेकीकडे अकोल्याला असते, मजेत आहे, तू जा. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ती गेटबाहेर उभी होती तेव्हा, हे सुनेने मला नंतर सांगितलं, तिची लेक गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मधे फक्त एक पाण्याची टाकी होती. आई आली होती हे लेकीला कुणीही सांगितलं नाही.

आईचं ऐकून मी घरी येऊन कपाट आवरायला काढलं. मला राग आला की मी कपाटं आवरते, हे तुमच्या आईला माहीत आहे. त्या दिवशी घरातलं एकही कपाट उरलं नाही.

आता भुलाबाई. तुमची आई लहानपणी खूप खेळली आहे, पण तुम्हाला सांगितलं असेल असं वाटत नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात पोरी भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, शेजारी भुलोबा म्हणजे शंकर, मांडीवर गणपती. संध्याकाळी पोरी टोळीने घरोघर जातात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की त्या घरचा खाऊ ओळखायचा असतो. डबा झाकलेला असतो, घरची बाई तो वाजवून दाखवते, पोरी ओरडून ओरडून नावं घेतात. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही आणि डबा उघडल्याशिवाय टोळी हलत नाही. आमच्या कॉलनीत अजून एक रीत आहे: ज्या घरी गाणी झाली त्या घरची पोर पुढच्या घरी टोळीबरोबर निघते. घरी पोर असून तिला मागे ठेवणं अशुभ मानतात. माहेरवाशिणीच्या सणाला पोर अडवायची नाही.

"आजी," फुलवाली म्हणाली, "त्या बाईच्या घरी शुक्रवारी भुलाबाई हाय. त्याच्यापुढचं घर तुमचं."

मी म्हटलं, मग काय?

"ते बाई म्हनते न, मुलीसारखी. मंग म्हनू द्या चारचौघीत."

शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी बंगल्यात अर्धी कॉलनी जमली होती. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, आत मूर्ती, बाईंची नवी पैठणी. मुलगी पाण्याचे पेले फिरवत होती. अंगात अकोल्याच्या लेकीचा जुना ड्रेस, खांद्यावरून घसरणारा. बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिलाही नवीन ड्रेस घेतला हो. आपण भेद करत नाही. मुलीसारखीच आहे." बायकांनी माना डोलावल्या. एकीने "पुण्य लागतं हो" असंही म्हटलं. मी पेला खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर फेकला असता.

गाणी झाली. खाऊ ओळखून झाला, करंज्या होत्या. फुलवाली हार द्यायला म्हणून आली होती ती गाण्याला थांबली होती. टोळी उठायला लागली तशी ती दारात उभी राहिली.

"काकू, तुमच्या घरची कोनती पोर येते पुढं?"

"आमची पोर सासरी गं. यंदा कुणी नाही."

"अन् हे?"

"ती? तिला भांडी आवरायचीत."

"मंगाशी तं तुमी म्हटलं मुलीसारखी हाय. आता पोरगी हाय का नाही, एक काय ते सांगा. आमी तसं धरतो."

बायका हसल्या. चेष्टाच वाटली त्यांना. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या, कॉलनीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "पाठव गं बाई. भुलाबाईला पोर अडवू नये. घराला बरं नसतं."

बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. अध्यक्ष होत्या ना त्या. "जा," त्या मुलीला म्हणाल्या, "पण लवकर ये." आणि सुनेकडे वळून, "तू जा गं सोबत."

मधला रस्ता तो केवढा. तरी तो ओलांडताना त्या मुलीने फुलवालीचा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते.

माझी योजना पक्की होती. वकीलबाई त्या मुलीच्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात बसल्या होत्या. फुलवालीचे वडील टेम्पो घेऊन माझ्या मागच्या गल्लीत थांबले होते. मला फक्त टोळी आणि सून पुढच्या खोलीत अडकवून ठेवायची होती. त्यासाठी खाऊ असा हवा, जो वाजणार नाही आणि कॉलनीतल्या एकाही पोरीला ओळखता येणार नाही. म्हणून मी कुटकीची खीर केली होती. आईने आणलेल्या गाठोड्यातलीच कुटकी, वरून गूळ. मला फार हुशारी वाटली होती. पोरीच्या वाटेला तिच्या घरचा घासही येईल, असंही वाटलं होतं. आई आली आहे हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

डबा आणला. हलवला. आवाज नाही.

"शिरा!" "चूक." "पेढे!" "चूक." "नूडल्स!" "चूक." "आजी, रिकामाच आहे ना डबा?"

टोळीत मागे उभी असलेली ती हळूहळू पुढे आली. कितीतरी काळाने खेळत होती. ओळखायचं तर नीट ओळखावं, म्हणून ती खाली वाकली आणि झाकणाच्या कडेला नाक लावलं. चुलीच्या धुराचा वास गुळालाही झाकता आला नव्हता. ती ताठ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कुटकी!"

हा विचार मी केलाच नव्हता. योजनेतली एकेक गोष्ट मी तपासली होती आणि हीच नाही. त्या खोलीत ते धान्य ओळखणारी एकच पोर होती, आणि तिच्यासाठीच तर मी तो डबा भरला होता.

"कुटकी म्हणजे काय?" लहान पोरी विचारायला लागल्या. सून उठायच्या बेतात होती. "ओळखलं का? चला मग."

मी म्हटलं, "चूक."

"चूक!" फुलवाली ओरडली. "पुढं सांगा!"

त्या मुलीचा चेहरा पडला. हे मला विसरता येत नाही. त्या घरात आल्यापासून खरं उत्तर हवं म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तिला उत्तर येत होतं, तिने बरोबर सांगितलं, आणि मला तिच्या तोंडावर "चूक" म्हणावं लागलं. ही वेळ त्या घराने माझ्यावर आणली. त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोष्टींइतकाच मला याचाही राग आहे.

पण मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं की ती चुकली नव्हती. आणि ही कुटकी बाजारातली नव्हती, हेही नाकाला कळलं होतं. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण "आई" हा शब्द दिसतो.

"हिनं नाक लावलं!" फुलवालीने तिचा हात धरला. "बेइमानी केली. शिक्षा हाय हिले. चाल, ताटल्या आनू लाग माह्यासंग."

दोघी स्वयंपाकघराकडे गेल्या. सून अर्धवट उठली. मी डबा सरळ तिच्या हातात दिला. "आता तू ओळख गं सूनबाई. तुझी पाळी."

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मागचं दार उघडल्याचा आवाज मला आला, म्हणजे तिलाही आलाच असणार. तिने डब्याकडे पाहिलं, परत खाली बसली आणि म्हणाली, "श्रीखंड."

"चूक."

"बासुंदी." "चूक." "साबुदाण्याची खीर." एकापाठोपाठ एक नावं घेत राहिली. शेवटी शेवटी तर "आइस्क्रीम" म्हणाली. गल्लीतून टेम्पोचा आवाज दूर गेला तेव्हा तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हरले मी. उघडा आता."

मी उघडला. एका चिमुरडीने वाटीत बोट बुडवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे त्या ताईने बरोबर ओळखलं होतं! आजी, तुम्ही खोटं बोललात!"

"बोलले," मी म्हटलं. "तू नको बोलूस."

ठाण्यात मी पोचले तेव्हा मायलेकी एका बाकावर होत्या. आईने लेकीचं मनगट धरलं होतं आणि दोघी कोरकूत इतक्या हळू बोलत होत्या, की बोलत आहेत हे जवळ गेल्यावरच कळलं. समोरच्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जेवायला देत होते ना?" मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, गोठ्यातल्या बैलालाही देतात. वकीलबाईने माझा पदर ओढून मला बसवलं. मग त्याने मागच्या चौकशीचा कागद काढला आणि मुलीला म्हणाला, "तेव्हा तर तू म्हणालीस, सुखात आहे."

ती म्हणाली, "तवा बाई बाजूले बसली होती. आता आई बसली हाय."

ते त्याने लिहून घेतलं. मग तिने सगळं सांगितलं. कानातल्याचं, बोळातल्या झोपण्याचं, चटका दिलेल्या हाताचं. फुलवाली तेवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी बंगलेवाल्या बाई माझ्या दारात आल्या.

"तुम्ही आमचं घर फोडलंत. सणाच्या नावाखाली! देवाची तरी भीती बाळगायची."

"कुणाचं घर फोडलं? तिचं तर तुम्ही फोडलं होतंत."

"मुलीसारखी ठेवली होती हो तिला!"

"मग अकोल्याची लेक माहेरी आली, की तिलाही मोरीच्या बोळात झोपवा."

त्या रडायला लागल्या. खरं रडल्या, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. त्यांना मनापासून वाटत होतं, की अन्याय त्यांच्यावर झाला आहे. कॉलनीलाही तसंच वाटलं. "दिवाळीच्या तोंडावर कामवाली पळवली बिचारीची," असं मंडळात बोललं गेलं. फुलवालीची पुडी अर्ध्या घरांनी बंद केली. मी तिला म्हटलं, तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, "राहू द्या देवाले बिनफुलाचं. त्यानं बी इतके दिवस पाह्यलंच न गच्चीवरून." त्या पोरीचं बोलणं ऐकून देव्हाऱ्यासमोर उभं राहायला मला दोन दिवस जड गेलं.

मुलगी आता गावाकडे आहे. आश्रमशाळेत जाते, वर्गात तिच्यापेक्षा लहान पोरं आहेत आणि त्याची तिला लाज वाटते, असं फुलवाली सांगते. दोघी फोनवर बोलतात. आईच्या फोनला रेंज मिळावी म्हणून ती टेकडीवर चढते. कोर्टात तारखा पडत आहेत. साहेब रोज सकाळी झाडांना पाणी घालतात.

आणि आता हे, ज्यासाठी मी आज लिहायला बसले. गेल्या सोमवारी समोरच्या गच्चीवर मला एक नवी पोर दिसली. आधीच्या पोरीपेक्षा लहान. चादर दोरीवर टाकायला तिचा हात पुरत नव्हता, ती उड्या मारत होती.

मी वकीलबाईला फोन केला. ती म्हणाली, कळवते, पण चौकशीला माणसं येईपर्यंत ती शिकवून ठेवलेलंच बोलेल. मग मी फुलवालीला बोलावलं. मुलगी टेकडीवर चढते ती वेळ झाल्यावर तिने सेमाडोहकडे फोन लावला, स्पीकर चालू केला.

"येशीन का इकडं?" फुलवालीने विचारलं. "तिले तूच समजावू शकते."

पलीकडे टेकडीवरचा वारा ऐकू येत होता. ती म्हणाली, "नाही. त्या गल्लीत मी येत नाही."

"बरं," मी म्हटलं. तिला यायला सांगायचा हक्क कुणालाच नाही.

"पन आजी," ती म्हणाली, "तिले सुखात हाय का असं विचारू नका. आपुन हो-च म्हनतो. तिले विचारा, रस्त्यावर कवा गेली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटपाशी जाऊन उभी राहिले. नवी पोर तुळशीला पाणी घालत होती. मी तिला जवळ बोलावलं आणि फोनवर मला सांगितलं गेलं होतं तेच विचारलं: "बाळा, तू रस्त्यावर शेवटची कधी आली होतीस?"

ती माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहायला लागली. रस्ता म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगावं, असा तिचा चेहरा झाला.

"रस्त्यावर?" ती म्हणाली. "कायले?"

मी बेलच्या बटणावर बोट ठेवलं आणि बाई बाहेर येईपर्यंत उचललं नाही.